तळाचे घास

मूठभर तांदूळ, त्याच्या निम्मी मुगाची डाळ, चार मिरं, जिरं, आल्याचा तुकडा, चमचाभर तूप. एका बाईचं एक वेळचं पोट एवढ्यात भरतं. आम्ही त्याला खिचडी म्हणतो, शेजारचे पोंगल म्हणतात. त्यावरून भांडायला मला वेळ नाही. ती एकटीपुरती करता येत नाही म्हणून माझं स्वयंपाकघर माझ्या हातून जायला निघालं होतं, आणि मला त्याचंच बोलायचं आहे.

वेस्ट मांबलममध्ये सासऱ्यांचं बैठं घर होतं. ते बिल्डरला दिलं. त्यानं तिथं मजले चढवले आणि दुसऱ्या मजल्यावर आम्हाला शेजारीशेजारी दोन फ्लॅट दिले. एक आमचा, एक धाकट्या दिराचा. दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून. मधे एक भिंत. जावेनं तिकडं मिक्सर लावला की माझ्या मांडणीवरची भांडी किणकिणतात, इतकी ती भिंत जवळची.

माझे यजमान व्यासराज मागच्या मार्गशीर्षात गेले. आम्हाला मूल नाही. ते गेल्यापासून त्या भिंतीवर अस्कींचा डोळा. अस्की म्हणजे सगळे. आमची मराठी तंजावरची, त्यात निम्मं तमिळ. पुण्याची माणसं ऐकून "किती गोड" म्हणतात. गोडबीड काही नाही. शिव्या त्यातही चांगल्या देता येतात.

दीर राघोत्तम बँकेत मॅनेजर होता. रिटायर होऊन वर्षं झाली तरी अजून बोलतो असा की समोरचा कर्ज मागायला आलाय. त्याचा मुलगा श्रीवत्स ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथंच काम करणारी पुण्याची प्राची, तिच्याशी त्याचं लग्न ठरलं. नव्या जोडप्याला खोली पाहिजे. राघोत्तमनं हिशेब केला: भिंत पाडायची, माझा ओटा काढायचा, माझं स्वयंपाकघर त्यांच्या बाजूला घ्यायचं, त्याला खिडकी आहेच, झाली खोली. मला हॉल आणि निजायची खोली राहिलीच की.

"तुम्हांस एकटीस चूल कशास हवी, वैनी?" तो म्हणाला. "आमच्यात जेवा. कुटुंब एक, चूल एक."

फ्लॅट माझ्या नावावर आहे. पण नाव कागदावर असतं आणि घरात आवाज पुरुषाचा चालतो. छातीत दुखलं तर रात्री-अपरात्री मला दवाखान्यात नेणार तोच. हे त्यालाही माहीत, मलाही.

आणि "आमच्यात जेवा" म्हणजे काय ते मी भोगलेलं होतं. यजमान गेल्यावर मी त्यांच्यातच जेवत होते. जेवायला बोलावलं आणि विळीवर बसवलं. आधी नुसती भाजी चिरायची. मग सांबार माझ्याकडं आलं, कारण "अक्का, तुमच्या हातचं यांस आवडतं." मग जाऊबाई, विजयलक्ष्मी, सकाळी देवळात जायला लागली, आणि देवळातून यायची ती पानं मांडून झाल्यावर. मी पुन्हा सगळ्यांचं रांधत होते, फरक इतकाच की ओटा तिचा. ताक दुसऱ्यांदा मागायची चोरी. मागितलं तर ती हसून म्हणायची, "घ्या की, तुमचंच घर." आपल्या घरात कोणी असं सांगत नाही.

एक दिवस मी माझ्या घरात येऊन दार लावलं आणि गॅस पेटवला. म्हटलं, मरेपर्यंत इथंच.

आणि मला एकटीपुरतं रांधता येईना.

हसू नका. आयुष्यभर मी पडीनं तांदूळ मोजला. पडी म्हणजे पितळेचं मोठं माप, सासूबाईंच्या वेळेपासूनचं. सासू, सासरे, दीर, नणंदा, तंजावरहून येणारे पाहुणे, श्राद्धाचे ब्राह्मण. फ्लॅट दोन झाले तरी सणवार माझ्याच ओट्यावर. श्रीवत्ससुद्धा शाळेतून सुटला की आईच्या दारावरून पुढं येऊन माझ्या दारात चपला काढायचा. नंतर माणसं कमी होत गेली आणि आम्ही दोघंच उरलो, तरी हाताला ते कधी कळलं नाही. जास्तीचं व्यासराज रात्री ताकात कालवून खायचे आणि काही बोलायचे नाहीत. जास्त होत होतं हे ते गेल्यावर मला समजलं.

आमच्या हाताला एक सवय असते. माप भरलं की वर एक मूठ घालायची, येणाऱ्याची. माझ्याकडं येतंय कोण? पण मूठ पडायचीच. डाव्या हातानं उजवा धरला तरी पडायची.

मग माप कमी केलं. कमी केलं तर भांडी ऐकेनात. घरातलं काशाचं जाड पातेलं, इकडं वेंगलपानै म्हणतात, त्यात मूठभर डाळतांदूळ टाकले तर तळात सांडल्यासारखे दिसले. पाणी घातलं ते तापायच्या आधी आटलं. पुन्हा घातलं, तर वर पेज आणि खाली कोळसा. कुकरात वाटी ठेवून बघितली. पहिल्या शिट्टीला वाटी कलंडली आणि माझी खिचडी कुकरच्या पाण्यात पोहायला गेली. कढल्यात चमचाभर तूप घातलं, जिरं तडतडायच्या आत मिरं जळलं. एवढ्याशा तुपाला धीर नसतो. अकरा माणसांची फोडणी मी झोपेत करीन. एकीची फोडणी मला रडवत होती.

आणि रोज काहीतरी उरायचं. उरलेलं डब्यात, डबा फ्रिजमध्ये.

विजयलक्ष्मीकडं माझ्या दाराची किल्ली आहे. दुपारी मी पडले की ती येते, "अक्का, कढीपत्ता आहे कां?" म्हणत थेट फ्रिजकडं. कढीपत्ता तिच्या स्वतःच्या गॅलरीत कुंडीत आहे.

"अक्का, हे कालचं कां परवांचं?"

"कालचं."

"आणि हे?"

"ते परवाचं."

"अय्यो. फ्रिज उघडला तर डबे माझ्याकडं बघून हात जोडतात, आम्हांस सोडवा म्हणून."

रात्री हे सगळं भिंतीपलीकडं राघोत्तमच्या कानावर जायचं. भिंत जवळची, मलाही ऐकू यायचं.

आडी महिना लागला. तमिळ लोक आडीत घराच्या कामाला हात लावत नाहीत, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून आमचं पंचांग पाळतो ते पाळतो, वर त्यांचंही. मेस्त्री आडीत मिळणारच नव्हता, मिळणार तो पुढच्या आवणी महिन्यात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी राघोत्तम आमच्याकडं प्रसादाला आला, सोबत विजयलक्ष्मी आणि प्राची. मुलगी चांगली आहे. ओट्यावर चढून बसली, मला म्हणाली, "काकू, तुमची मराठी ऐकत राहावीशी वाटते." मी म्हटलं ऐक.

राघोत्तमनं प्रसाद डोळ्यांना लावला आणि भाषण सुरू केलं. अन्न परब्रह्म. अन्नाचा अपमान झाला की लक्ष्मी जाते. या घरात कधी अन्न वाया गेलं नाही, आज रोज शिळं निघतंय. मग माझ्याकडं बघून म्हणाला,

"मी जबरदस्ती करणारा माणूस नव्हे, वैनी. तुम्हांस एकटीचं नीट करतां येत असतं तर मी बोललोंच नसतों. आडी संपेपर्यंत बघूं. शिळं उरायचं बंद झालं तर भिंत राहील, माझा शब्द. नाही तर आवणीच्या पहिल्या मुहूर्तास मेस्त्री येईल. प्राचीच्या समोर सांगतों."

शब्द दिला कारण त्याला माहीत होतं, जमणार नाही. विजयलक्ष्मी भिंतीकडं बघत होती, कपाट कुठं ठेवायचं त्याचा विचार चाललेला असणार.

मी दुसऱ्या दिवशी मैलापूरला भांड्यांच्या दुकानात गेले. माणूस ओळखीचा, श्राद्धाची भांडी मी त्याच्याकडूनच घेतलेली. म्हटलं, सर्वांत लहान वेंगलपानै दाखव. त्यानं चौघांचं काढलं. म्हटलं, याहून लहान. दोघांचं काढलं. याहून लहान. तो शिडी चढला आणि माळ्यावरून एक काढून पुसत खाली आला.

"कोलूला मांडायला का, मामी?"

नवरात्रात इथं घरोघरी बाहुल्या मांडतात, त्यांच्या पुढ्यात ठेवायची खेळभांडी मागतेय असं त्याला वाटलं.

"नाही. रांधायला."

"नैवेद्याला?"

"मला जेवायला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कपाळाकडं बघितलं, मग बिल करताना मान वर केली नाही. "एकट्याला हे बरोबर होईल, मामी," एवढंच म्हणाला. आणि लगेच, "आमचा मेसचा डबा पण चांगला असतो. माझ्या मेव्हण्याचा आहे. नंबर देऊ?"

मी नंबर घेतला नाही.

ते पातेलं माझ्या दोन ओंजळींत मावायचं. त्याच्याशी मी रोज भांडले. आधी पाणी उकळायचं, मग डाळतांदूळ. डाळ आधी कोरडी भाजायची, पण बोट ओढून घ्यावंसं वाटेपर्यंतच. गॅसची लहान शेगडीसुद्धा त्याला मोठी, ज्वाळा बाजूनं वर यायची, तर खाली तवा ठेवला. तुपाची फोडणी पातेल्यातच वरून जागा करून केली, वेगळं कढलं नकोच. मूठ धरून ठेवायला शिकले. वर घालायची मूठ उचलायची, आणि डब्यात परत टाकायची. रोज. हात चुरचुरायचा, जणू कोणाच्या पानातलं काढून घेतलंय.

आणि शेवटी माप जमलं. खिचडी जितकी पाहिजे तितकी झाली. मी पान घेतलं, गच्चीच्या कठड्यावर कावळ्याचा घास ठेवला, जेवले, हात धुतला, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

दुपारी विजयलक्ष्मी आली. झाकण उचललं.

"उरलं की, अक्का."

"ते तळाचं आहे."

"तळाचं असूं दे, वरचं असूं दे. उद्यां शिळंच." आणि झाकण ठेवताना हळूच म्हणाली, "हे म्हणालेच होते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुठं अडकलेय.

आमच्या घरात पातेलं रिकामं करत नाहीत. भाताचं, खिचडीचं, कशाचंही. तळाला थोडं राखायचं, दुसऱ्या दिवशी चूल पेटेपर्यंत. अक्षय राहावं म्हणून, अवेळी कोणी आलं तर पातेलं नाही म्हणू नये म्हणून. सासूबाईंनी मी या घरात आले त्याच दिवशी हे सांगितलं होतं, नाव घ्यायला लावायच्या आधी. पातेलं खरवडलेलं आणि पालथं घातलेलं या घरात एकाच दिवशी दिसतं, घरातून माणूस उचलून नेतात त्या दिवशी. व्यासराजांना नेलं तेव्हा ते मीच पालथं घातलं होतं. गल्लीत गाय यायची तोवर तळाचं सकाळी गायीला. कावळ्याला ते चालत नाही, त्याला जेवायच्या आधीचं, न उष्टावलेलं लागतं. आता गाय येत नाही. म्हणून डबा, म्हणून फ्रिज.

पडीभर भाताच्या पातेल्यात तळाचे दोन घास म्हणजे काहीच नाही. माझ्या या ओंजळीएवढ्या पातेल्यात ते दोन घास म्हणजे जेवणाचा चौथा हिस्सा. कितीही कमी रांधा, तळाचं उरणारच. राखलं तर शिळं. आणि न राखणं हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं, जसं देवळात चपला घालून जाणं डोक्यात येत नाही.

मी आणखी कमी रांधायला लागले. तळाचं कमी उरावं म्हणून मूठ अर्धी केली. तर खिचडी लागायची आणि तळाचं खरपुडं व्हायचं, डब्यात ठेवलं की दगड. विजयलक्ष्मी ते डबे हातात धरून वाजवायची. आडी संपत आला होता. भिंतीपलीकडं कपाटाच्या मापाची बोलणी चालली होती.

एक दिवस अशीच अर्ध्या मुठीची खिचडी खाऊन मी उठले. भिंतीला धरून उभी राहिले. त्याच भिंतीला. आणि मला कळलं की मला भूक लागलीय. जेवून उठल्यावर. हात ओला आहे, तोंडात मिऱ्याची चव आहे, आणि पोट मागतंय.

ही भूक ओळखीची होती. अगदी जुनी ओळख.

मी ओट्याशी बसले आणि आठवलं. आमच्याकडं आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, मग सासूबाई आणि नणंदा, शेवटी मी. पातेलं माझ्यापुढं यायचं तेव्हा त्यात दोन पळ्या असायच्या. त्यातली एक मी घ्यायची आणि एक तळाला ठेवायची. अक्षय राहावं म्हणून. सासरे पोटभर जेवले, त्यांनी तळाचं राखलं नाही. राघोत्तम तिसऱ्यांदा भात घ्यायचा, त्याला कोणी तळाची आठवण केली नाही. तळाचं राखायचं काम शेवटी बसणारीचं. अख्ख्या घराचं पुण्य आणि एका बाईचं पोट. ताक जास्त प्यायचं आणि उठायचं. मी इतकी वर्षं अशीच उठत होते, आणि त्याला मी माझं खाणंच कमी आहे असं समजत होते. सगळ्यांना सांगायचे पण तसंच. "मला फार लागत नाही."

लागतं. मला लागतं.

येणाऱ्यासाठी राखलेलं म्हणतात. तो येणारा मी तर कधी बघितला नाही. गायीनं खाल्लं ते माझं होतं.

मी झाकण काढलं. तळाला तेच होतं, दोन घास, आणि त्यांच्याखाली तांबूस खरवड, तुपानं चकाकणारी. उलथनं घेतलं. पहिल्यांदा घासल्याचा आवाज झाला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. वाटलं सासूबाई देवघरातून बोलतील. कोणी बोललं नाही. मिक्सर तेवढा चालला होता पलीकडं. मी अख्खं खरवडलं. उभ्यानंच खाल्लं, पातेल्यातूनच, बोटानं पुसून. खरवड कुरकुरीत होती, थोडी कडवट, जिऱ्याची. एवढी वर्षं रांधलं आणि खरवडीची चव मला माहीत नव्हती.

मग पातेलं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. बाकीची भांडी पालथी घालतो तसंच. पाणी निथळायला नको?

दुसऱ्या दिवशी मूठ पूर्ण घेतली. जेवले, खरवडलं, पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी तेच. विजयलक्ष्मी त्या दिवसांत लग्नाच्या साड्यांच्या मागं टी. नगरला जात होती, कढीपत्त्याची आठवण तिला आली नाही.

आडीच्या शेवटच्या दिवशी सगळे एकदम आले. राघोत्तमच्या हातात टेप होता. "माप घेणं म्हणजे काम सुरूं करणं नव्हे," दारातच म्हणाला. प्राचीला खोली दाखवायची होती, म्हणून तीही. श्रीवत्स आला नाही. त्याला शिफ्ट होती म्हणे. लहानपणी याच ओट्याला टेकून दहीभात खायचा, त्याला शिफ्ट होती ते बरंच झालं.

विजयलक्ष्मी सरळ फ्रिजकडं. दही, ओलं खोबरं, मिरच्या. ती खाली वाकली, भाजीचा कप्पा ओढून बघितला, दाराच्या फळ्या बघितल्या.

"डबे कुठे आहेत, अक्का?"

"मांडणीवर. रिकामे."

"आजचं?"

"आजचं झालं."

ती ओट्याकडं वळली आणि थांबली. पातेलं पालथं होतं, त्याच्या काठाशी थोडं पाणी साचलं होतं.

"अक्का. हे पालथं कां?"

"धुतलंय. वाळत घातलंय."

"आणि तळाचं?"

"माझ्या पोटात."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. राघोत्तमनं अर्धा टेप बाहेर ओढला होता, तो तसाच धरून तो पुढं आला आणि पातेल्याकडं बघत राहिला. हात लावला नाही. मी व्यासराजांच्या दिवशी पातेलं पालथं घातलं तेव्हा तो याच जागी उभा होता.

"वैनी, हे काय आहे? आईची शिस्त तुम्हांस ठाऊक नाही कां? तळाचं राखायचं असतं."

"राखलं की उद्या शिळं होतं. शिळं झालं की भिंत जाते. अट तुमची आहे, भावोजी."

"मी शिळं म्हणालों म्हणजे... जास्तीचं. वाया जाणारं. तळाचं त्यांत येत नाही."

"महिनाभर विजयलक्ष्मीनं डबे मोजले त्यात तळाचंच होतं. तिला विचारा."

"मी काय मोजलं वो," विजयलक्ष्मी म्हणाली. "मी आपलं बघितलं."

"वाजवून बघितलं."

प्राची आमच्या तिघांच्या तोंडांकडं बघत होती. तिनं सरळ विचारलं, "पण मग त्यांनी नेमकं करायचं काय? ठेवायचं की संपवायचं?"

 मुलीनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही इतके दिवस कळत नव्हतं.

राघोत्तमनं आवाज खाली आणला. बँकेत मोठा खातेदार आला की असा आणत असेल. "बघा वैनी, लग्नघर आहे. चार लोक येतील. पालथं पातेलं कोणाच्या नजरेस पडायला नको. अशुभ दिसतं. तुम्ही आपले दोन घास राखत जा. मी शिळं म्हणणार नाही."

"आणि भिंत?"

"भिंतीचं नंतर बघूं."

"नंतर नाही. तुम्ही शब्द दिलात तेव्हा प्राची इथं होती, आताही आहे. फ्रिज उघडा आहे, बघून घ्या. शिळं आहे का?"

"नाही."

"मग?"

त्यानं टेप सोडला. तो सर्रकन आत गेला आणि त्याच्या बोटाला लागला. त्यानं बोट तोंडात घातलं. तोंडात बोट असतानाच म्हणाला, "राहूं दे भिंत." अर्ज नामंजूर केल्यासारखंच म्हणाला, पण म्हणाला.

विजयलक्ष्मी म्हणाली, "आणि पातेलं, अक्का? ते तरी सरळ ठेवाल कां?"

"सरळ ठेवलं तर पाणी कसं निथळेल?"

"तळाचं म्हणतेंय मी."

"तुम्ही राखा की. तुमचं पातेलं मोठं आहे. आजपासून भावोजींनी तिसरा भात घेताना राखावा."

राघोत्तम दाराबाहेर पोचला होता, त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. प्राचीला हसू आलं. तिनं ते ओढणीत लपवलं आणि सासूच्या मागं गेली.

मला वाटलं होतं मी जिंकले की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. ओटा माझाच होता, तो माझाच राहिला, त्यासाठी महिनाभर अर्धपोटी राहून परीक्षा दिली. पास झाले म्हणून पेढे वाटू? अंगाची आग होत होती. बसून राहिले.

संध्याकाळी दार वाजलं. विजयलक्ष्मी. आज किल्ली वापरली नव्हती. हातात वाटी, वर ताटली. आत मूठभर भात.

"हे तुमच्या पातेल्यांत घाला, अक्का. खाऊं नका, नुसतं असूं दे. मी सकाळी येऊन घेऊन जाईन. रोज आणीन हवं तर. पालथं नको. यांस झोप लागणार नाही."

मी वाटीकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. ती पण शेवटी बसणारी, तिच्या घरात. हातातली काकणं मनगटावरून कोपराकडं घसरली होती, इतके हात वाळलेले.

"हे कुणाच्या पानातलं काढलंस?" मी विचारलं.

"कुणाच्या नाही वो. तळाचं आहे."

"तू जेवलीस?"

"जेवलें की. मज फार लागत नाही."

"बस इथं," मी म्हटलं.

"कां?"

"बस म्हणतेय ना. खा हे. माझ्यासमोर खा."

ती बसली नाही. दारातच उभी राहिली, वाटी घट्ट धरून, जणू मीच तिचं काही काढून घेणार होते. मग "तुम्हांस वेड लागलंय, अक्का," म्हणाली आणि गेली. जाताना दार ओढून घेतलं. तिच्या घरात ती वाटी पुन्हा पातेल्यात रिकामी झाली असणार. सकाळी तो भात टाकला असणार. मी काय करू शकते? भिंत मीच राखलीय.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ काढले. एक मूठ. वरची मूठ उचलली आणि डब्यात परत टाकायला हात वळवला, मग थांबले, आणि तीही पातेल्यात घातली. दोन घास जास्त. कोणी आलं तर आलं. नाही आलं तर मी खाणार.

पातेलं लहान पडलं, खिचडी उतू गेली, गॅस विझला, परत पेटवला, आणि तळाला पुन्हा लागलीच.